बिबडा खाणाऱ्यालाच एवढा मोठा का ऐकू येतो?

तापीकाठ

प्रश्न साधा आहे. भाजलेला बिबडा मी दाढेखाली घेतला की माझ्या डोक्यात भिंत पडल्यासारखा आवाज होतो. शेजारी बसलेली बायको म्हणते, "येतोय आवाज, पण एवढं काही नाही." तिला टीव्हीवरच्या बातम्या व्यवस्थित ऐकू येतात. मला मात्र त्या घासापुरता निवेदक नुसता ओठ हलवताना दिसतो.

दोघांचे कान धड आहेत. बिबडे एकाच डब्यातले. तोंड स्वतःच्या कानाला जवळ म्हणून जास्त ऐकू येतं, एवढंच उत्तर असेल तर सांगा आणि विषय मिटवा. पण मला ते पुरतं पटत नाही. तोंड मिटून चावलं तर आवाज आतच कोंडला जाऊन कमी ऐकू यायला हवा. माझ्या बाबतीत तो वाढतो!

(बिबडे न खाल्लेल्या दुर्दैवी लोकांसाठी: ज्वारी भिजवायची, भरडायची, तिचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर पातळ थापायचा आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा. जळगावचं एप्रिल-मेचं ऊन त्यासाठीच बनवलंय. घाटा तेल घालून तसाच खाल्ला तरी स्वर्ग, पण तो वेगळा धागा.)

केळीवाला

तुम्ही अंतर उगाच मोडीत काढताय. तोंडापासून स्वतःचा कान वीतभर. वहिनी दोन फुटांवर बसल्या असतील. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. वीतभराचं दीड फूट होईपर्यंत तो सहाने उतरला, दोन फुटांवर आठ-नऊच्या आसपास. हा फरक कानाला चांगलाच कळतो. सावद्याला आमच्याकडे वेफर तळताना रोज चाखावे लागतात, म्हणून अनुभवाने बोलतोय.

तापीकाठ

मान्य, पण मिटलेल्या तोंडाचं काय?

नाककानघसा_धुळे

केळीवाला यांचा हिशोब हवेतून जाणाऱ्या आवाजापुरता बरोबर आहे. तापीकाठ विचारताहेत तो आवाज मुख्यतः हवेतून जातच नाही.

आपण दोन वाटांनी ऐकतो. पहिली सगळ्यांना माहीत असते: हवा, कानाची नळी, पडदा, त्यामागची तीन इवलीशी हाडं आणि मग गोगलगायीच्या शंखासारखा अंतर्कर्ण. दुसरी वाट हाडाची. बिबडा दाढेखाली फुटला की त्याचा हादरा दाताच्या मुळातून जबड्यात जातो, तिथून कवटीत. अंतर्कर्ण कवटीच्याच एका हाडात रुतून बसलेला आहे, आणि हाडाचा तो भाग शरीरातल्या सगळ्यात टणक हाडांपैकी एक. कवटी हलली की आतला द्रव हलतो आणि मेंदूला आवाज कळतो. मधे हवा लागतच नाही.

वहिनींना या दुसऱ्या वाटेतलं काहीच मिळत नाही. तुमच्या तोंडातून जे बाहेर निसटतं तेवढंच त्यांच्या कानावर पडतं. ते त्यांच्या कवटीवरही आदळतं, पण हवेतून येणारा आवाज हाडासारख्या घट्ट वस्तूवर आदळला की त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. तुमचा बिबडा मुळात तुमच्या हाडातच फुटतो, त्याला ही अडचण नाही.

तोंड मिटल्यावर ओठ आणि गाल बाहेरचा रस्ता अडवतात. शेजाऱ्याला कमी ऐकू येतं. हाडाची वाट मात्र उघडीच असते. शिवाय तोंड उघडं ठेवून आपण बहुधा पुढच्या दातांनी तोडतो, आणि मिटून दाढांनी भरडतो. दाढ कानाला जवळ आणि तिथला जोरही जास्त.

गुर्जी_अमळनेर

डॉक्टरांच्या म्हणण्याला एक जोड. मी भौतिकशास्त्र शिकवत होतो, निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

करंगळी कानात हलकेच घाला आणि तोंड उघडझाप करा. बोटाला पुढच्या बाजूने काहीतरी गोल सरकताना लागेल. ते जबड्याच्या सांध्याचं टोक. कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीला तो सांधा इतका लगटून आहे. घास चावताना सगळी हालचाल कानाच्या दारातच चालते.

हाडातून आलेला आणि हवेतून आलेला आवाज शेवटी एकच काम करतात, हेही तपासून झालेलं आहे. हंगेरीत जन्मलेले गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९३२ साली दाखवलं की हाडातून दिलेला सूर हवेतून नेमका उलटा सूर दिला तर रद्द होतो, ऐकणाऱ्याला शांतता वाटते. म्हणजे दोन्ही वाटा अंतर्कर्णात एकाच ठिकाणी मिळतात. त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं ते अंतर्कर्ण कसा कंप पावतो या कामाबद्दल.

जिनिंगवाला

भो, मना सवाल वेगळा शे. आम्हना जिनिंगमा कंपनीनी देयेल फोमना बोळा कानमा घालीसन काम करनं पडस. दुपारले बोळा न काढता शेंगदाणा खादात का डोकामाच गिरणी चालू व्हस. बाहेरनं मशीन बारीक वाजस आनि मना दात मोठा! बोळा आवाज कमी कराले घालतस ना?

माहेर_चोपडा

जिनिंगवाला दादा, मी आत्ताच करून पाहिलं. दोन्ही कानांत बोटं घातली आणि मुलाला सांगितलं, एक उडदाचा पापड माझ्या तोंडात कोंब. तो घाबरून आजीला बोलवायला पळाला. पण खरंच, आवाज केवढा वाढतो! आणि त्याचा पोतच बदलतो. आधी कुर्र कुर्र होतं, बोटं घातल्यावर घुडघुड व्हायला लागलं. पापड ताजा भाजलेला, पण कानांना सादळल्यासारखा वाटला.

नाककानघसा_धुळे

चोपडेकर ताईंनी नेमकं पकडलं. जिनिंगवाला यांचं उत्तरही त्यातच आहे.

कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. चावताना ती भिंतही थरथरते आणि नळीतल्या हवेत आवाज तयार करते. कान मोकळा असेल तर त्यातला खालच्या सुरांचा बराचसा भाग नळीच्या तोंडातून बाहेर निघून जातो, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बोट घातलं किंवा बोळा बसवला की दार बंद. मग तोच आवाज पडद्यावर जाऊन आदळतो. सुमारे एक हजार हर्ट्झच्या खालच्या सुरांत हा फरक सगळ्यात ठळक असतो, वीस डेसिबलच्या घरातही जातो. उंच सुरांना त्याचा फारसा फायदा होत नाही. म्हणून कुर्र जातं आणि घुडघुड उरते.

बोळा बाहेरचा आवाज कमी करतोच, त्यावर अविश्वास नको. आतला आवाज वाढलेला वाटतो तो वरच्या कारणाने. फोमचा बोळा चिमटीत पिळून, बारीक करून, कान वरमागे ओढून खोल बसवा. नळीचा आतला भाग हाडाचा आहे, बोळा तिथपर्यंत गेला की थरथरायला मऊ भिंत कमी उरते आणि ही गडगड उतरते. अर्धवट, दारातच अडकवलेला बोळा दोन्हीकडून वाईट: मशीनही ऐकू येतं आणि दातही.

आणि एक विनंती. जिनिंगमध्ये कापूस हाताशी असतो म्हणून काही जण त्याचाच बोळा करून घालतात. त्याने कान वाचत नाहीत. शेंगदाणे खायचे तर मशीनपासून लांब जाऊन, बोळे काढून खा.

जिनिंगवाला

आते समजनं. कापूसना बोळा घालनारा तीन जण माले ठाऊक शेत. त्यास्ले हाई वाची दाखाडस.

भाचा_पुण्याचा

वाचतोय. पण एक विसंगती दिसते. डॉक्टर म्हणतात आवाज मुख्यतः हाडातून येतो. ताई म्हणतात कान बंद केल्यावर, म्हणजे हाडाची वाट जोरात असताना, पापड सादळल्यासारखा वाटला. मग कुरकुरीतपणा आपण ऐकतो कुठून? हाडातून की हवेतून?

गुर्जी_अमळनेर

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला. माझं मत असं, आणि डॉक्टरांनी खोडावं: आवाजाचा मोठेपणा हाडातून येतो, कुरकुरीतपणाचा मोठा वाटा हवेतून.

याला आधार आहे. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या दोघांनी ऑक्सफर्डमध्ये बटाट्याच्या वेफरवर केलेला प्रयोग २००४ साली छापून आला. त्यांनी डब्यात रचून मिळणारे प्रिंगल्स घेतले, कारण ते सगळे एकाच आकाराचे असतात. माणसाने हेडफोन लावून माइकसमोर वेफर चावायचा. चावण्याचा आवाज माइकमधून यंत्रात जाऊन लगेच हेडफोनमधून त्याच्याच कानात. मधल्या मधे संशोधकांनी कधी पूर्ण आवाज वाढवला किंवा कमी केला, कधी फक्त दोन हजार हर्ट्झच्या वरचे सूर वाढवले-घटवले. वेफर तेच, तोंड तेच, हाडं तीच. तरी आवाज मोठा किंवा उंच सूर चढे असले की लोकांना वेफर जास्त ताजा आणि कुरकुरीत वाटला. ते सूर दाबले की शिळा. या कामाला २००८ साली इग नोबेल मिळालं. लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात.

म्हणून तापीकाठ आणि वहिनी एकाच बिबड्याच्या दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात. त्यांच्याकडे हाड अधिक हवा. वहिनींकडे फक्त हवा, तीही ओठांनी गाळलेली.

नाककानघसा_धुळे

खोडत नाही. फक्त एवढं की दाताला आणि जबड्याला लागणारा झटकाही त्यात असतो. वेफर तुटताना दाढेवरचा भार एकदम सुटतो, ते मेंदूला कळतं. कान, दात आणि स्नायू मिळून "कुरकुरीत" असा निकाल देतात. कर्णबधिर माणसालाही पापड आणि पोळी यातला फरक कळतोच की.

केळीवाला

आता माझ्या धंद्यात आलात. उंच सुराचं म्हणणं मला हाताने माहीत आहे. कच्च्या केळीचा पातळ पिवळा वेफर मोडताना चिरका वाजतो, जाड काप जाडच वाजतो. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की तासाभरात वेफर वाजायचा बंद होतो. तो तुटत नाही, आधी वाकतो.

वाळलेल्या स्टार्चचा स्वभाव काचेसारखा ठिसूळ असतो. ताण साठवत जातो आणि एका क्षणी तडकतो. त्या तडकण्यात साठलेली ऊर्जा एकदम सुटते, तोच आवाज. एका घासात अशा कितीतरी बारीक तडा एकामागून एक जातात. हवेतली ओल शिरली की तोच स्टार्च रबरासारखा होतो, ताण हळूहळू सोडून देतो आणि आवाज जन्मालाच येत नाही. मग तुम्ही हाडातून ऐका की हवेतून.

म्हणूनच म्हणतो, मे महिन्यात भुसावळात बसून खाल्लेला पापड आणि जुलैत कोकणात खाल्लेला पापड एका घरचे असले तरी सारखे नव्हेत. आमच्या उन्हाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माहेर_चोपडा

केळीवाला भाऊ, जाहिरात छान केलीत. पत्ता टाकला असता तर संपादकांनी प्रतिसाद उडवला असता.

मला वेगळंच विचारायचं आहे. आमच्याकडे सासरे जेवताना मुळा आणि कांद्याची पात कचाकचा चावतात, भरीत असलं की विचारूच नका. त्यांच्या डोक्यात तो आवाज माझ्यापेक्षा कितीतरी मोठा असणार, हे वर कळलं. मग त्रास मला का होतो आणि त्यांना का नाही? हिशोबाने उलटं व्हायला हवं.

नाककानघसा_धुळे

स्वतः केलेल्या आवाजाची मेंदूला आधीच वर्दी असते. जबड्याला हुकूम जातो तेव्हाच, आता असा आवाज येणार, हे ऐकण्याच्या केंद्राला कळलेलं असतं, आणि तिथला प्रतिसाद सौम्य होतो. दुसऱ्याचा घास न सांगता येतो.

शिवाय मधल्या कानात पडदा ताणणारा एक छोटा स्नायू आहे. त्याची नस चावण्याच्या स्नायूंच्या नसेचीच शाखा. चावताना तो पडदा ताणून धरतो, त्यामुळे खालचे सूर थोडे दबतात. मामंजींना ही सोय फुकट आहे, तुम्हाला त्यांच्या घासासाठी नाही.

काही लोकांना दुसऱ्याच्या चावण्याचा, चघळण्याचा आवाज इतका असह्य होतो की राग आवरत नाही, जेवणाच्या खोलीतून उठून जावं लागतं. त्याला मिसोफोनिया म्हणतात, हे नाव २००१ साली पडलं. तुमचं तसं वाटत नाही. तुमचं साधं सासर आहे.

माहेर_चोपडा

😂 शेवटचं वाक्य फोटो काढून ठेवलं.

दादर_ज्वारी

गमतीत एक गंभीर प्रश्न. आमचे आजोबा नंदुरबारकडे असतात. लहानपणापासून एक कान वाहायचा, पडद्याला भोक आहे. माणसं बोललेली ऐकू येत नाहीत, पण स्वतः फुटाणे खाताना म्हणतात, "या कानात जास्त वाजतंय." आम्हाला वाटायचं म्हातारा थट्टा करतोय.

नाककानघसा_धुळे

थट्टा नाही, ती जवळजवळ तपासणीच आहे. पडदा किंवा मधली हाडं बिघडली आणि अंतर्कर्ण चांगला असला तर हवेची वाट अडते, हाडाची चालू राहते. बाहेरचा गोंगाट त्या कानात कमी पोचतो, त्यामुळे हाडातून आलेला आवाज तिथे जास्त ठळक वाटतो.

आम्ही यासाठी ५१२ हर्ट्झचा नादकाटा वापरतो. वेबरच्या पद्धतीत तो कपाळाच्या मध्यावर टेकवतात, अशा माणसाला तो खराब कानात मोठा ऐकू येतो. रिनेच्या पद्धतीत आधी कानामागच्या हाडावर, मग कानासमोर धरतात. निरोगी माणसाला कानासमोर जास्त ऐकू येतं, आजोबांना बहुतेक हाडावर जास्त येईल. दोन्ही पद्धती १९व्या शतकातल्या, आजही रोज लागतात. कान तपासून घ्या. भोक असलेला पडदा बऱ्याचदा शस्त्रक्रियेने नीट करता येतो. ते जमणार नसेल तर हाडातून ऐकवणारी यंत्रंही असतात. कवटीत टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवून त्यावर यंत्र लावायची पद्धत स्वीडनमध्ये १९७७ साली सुरू झाली.

उलट, कान चांगले असताना अचानक एका कानात स्वतःचं चावणं, नाडी, किंवा डोळे फिरवल्याचासुद्धा आवाज यायला लागला आणि मोठ्या आवाजाने चक्कर आली, तर अंगावर काढू नका. अंतर्कर्णाच्या एका नलिकेवरचं हाड झिजलं किंवा उघडं पडलं की असं होतं. हा विकार १९९८ साली पहिल्यांदा नीट मांडला गेला, त्याआधी अशा माणसांना वेड्यात काढायचे.

गुर्जी_अमळनेर

आता माझं गाऱ्हाणं. मला नवीन श्रवणयंत्र मिळालं. बोलणं छान ऐकू येतं, पण कळण्याची भाकरी आणि खुडलेली मिरची सोडून काहीही खाल्लं की कानात दगड फुटतात. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ज्यांनी यंत्र दिलं ते म्हणाले, "सवय होईल." धाग्यातलं सगळं वाचून मला संशय येतोय की हा बोळ्याचाच प्रकार आहे. बरोबर का?

नाककानघसा_धुळे

गुर्जी, तुमचं उत्तर तुम्हीच काढलंत. कानात बसणारा साचा नळी पूर्ण बंद करत असेल तर तो जिनिंगवाल्यांचा बोळाच. थोडी सवय होते हे खरं, पण त्यावर सोडून देऊ नका. त्यांना तीन गोष्टी विचारा. साच्यात आरपार बारीक भोक आहे का, असेल तर ते मोठं करता येईल का? तुमचे खालचे सूर अजून चांगले असतील तर बंद साच्याऐवजी झिरझिरीत रबरी टोपी चालेल का? आणि साचा आणखी खोल बसवता येईल का?

भोक मोठं केलं की खालचे सूर बाहेर निसटतात आणि दगड फुटायचे थांबतात. पण यंत्राचा आवाजही त्यातून बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. ऐकू येणं खूपच कमी झालेलं असेल तर मोठं भोक परवडत नाही. म्हणून घरी सुई तापवून भोक पाडू नका. हसू नका, पाडून आलेले पेशंट पाहिलेत.

जिनिंगवाला

गुर्जी, जाताना खिसामा दोन बिबडा लई जा. त्यास्ना समोरच खाई दखाडा, आनि भोक मोठं कया का परत खा. मशीनवर मोजानी गरज पडाव नही.

नाककानघसा_धुळे

कल्पना वाईट नाही. बिबडा खरंच न्या, आणि सोबत बोलायला कुणीतरी न्या. एकीकडे चावून, दुसरीकडे त्यांचं बोलणं ऐकून पाहा. भोक मोठं केल्यावर चावणं सुसह्य झालं पण बोलणं पुसट झालं, तर एक पायरी मागे यायला सांगायचं.